उतारू

मागल्या मार्गशीर्षांत आम्ही वसई तालुक्यांतील राजोडी ह्या गांवीं एका स्नेह्यांकडे दोन दिवस उतरलों होतों. गांव समुद्रकांठचें; उत्तरेस नवापूर व त्यापलीकडे अर्नाळा, दक्षिणेस कळंब. दुसऱ्या दिवशीं स्नेह्यांचे वडील, वय ऐशींच्या पुढें, आणि त्यांचा नातू ह्यांच्यासह आम्ही अर्नाळ्याचा किल्ला पाहावयास निघालों. हा किल्ला बेटावर आहे. त्याच्या आसपास वस्ती आहे, आणि त्या वस्तींतील माणसांना किनाऱ्यावर बाजारास किंवा दवाखान्यास यावयाचें म्हणजे होडीवांचून गत्यंतर नाहीं. आम्ही वाळूंत उभे असतां एक होडी बेटाकडून येतांना दिसली. आजोबांनीं कपाळाशीं हात धरून तिच्याकडे पाहिलें व ते म्हणाले, "आज उतारू थोडे दिसतात." नातू पदवीधर, रोज विरारच्या गाडीनें मुंबईस नोकरीला जाणारा. त्यानें आमच्याकडे वळून हळूच विचारलें, "काका, उतारू म्हणजे? कशावर उतारू?"

त्याच्या प्रश्नाचें हसूं येण्यासारखें होतें, पण आम्ही हसलों नाहीं. हिंदींत 'उतारू' म्हणजे एखादी गोष्ट करावयास सज्ज झालेला, बहुधा वाईट गोष्ट. भांडणावर उतारू, मारामारीवर उतारू. नालासोपाऱ्यास वाढलेल्या मुलाच्या कानावर हा हिंदी अर्थ रोज पडतो, आणि मराठी अर्थ कधींच पडत नाहीं. पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या मराठी वर्तमानपत्राचा एखादा अंक त्याच्या हातीं देऊन 'तिसऱ्या वर्गाचे उतारू' हे शब्द दाखविले असते, तर त्याला तें दंग्याचें वृत्त वाटलें असतें. ज्या शब्दानें मराठी माणसानें स्वतःला नावेंत, आगबोटींत व आगगाडींत शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखलें, तो त्याच्या पणतूला परका व्हावा, ही गोष्ट आमच्या मनांत रुतून राहिली. ह्या शब्दाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें तेव्हांच ठरलें.

शब्दाचें कूळ शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. 'उतरणें' ह्या क्रियापदापासून तो आला, आणि उतरणें हें संस्कृतांतील 'उत्' उपसर्ग व 'तॄ' धातु ह्यांच्या संयोगापासून. तॄ म्हणजे पाण्यावरून पार जाणें. ह्याच धातूचा गोतावळा मराठींत मोठा आहे. नदी ओलांडण्याची होडी ती तर किंवा तरी. पाण्यांत उतरून पलीकडे जातां येईल अशी जागा तें तीर्थ. पुढें त्या जागीं देवळें उठलीं व शब्दाला पावित्र्य चिकटलें. खालीं आला तो अवतार. परीक्षेच्या पार गेला तो उत्तीर्ण. नदीचें पाणी ओसरून पायीं ओलांडण्याजोगी झाली म्हणजे 'नदीला उतार पडला' असें आपण म्हणतों. इतकें सारें एका धातूचें लेंकुरवाळेपण.

येथें वाचकांस एक शंका येईल. संस्कृतांत 'उत्' हा उपसर्ग वरची दिशा दाखवितो. उत्थान, उड्डाण, उन्नति हे शब्द पाहावे. मग मराठींत उतरणें म्हणजे खालीं येणें हा उलटा अर्थ कसा झाला? आमच्या मतें ह्याचें उत्तर पाण्याच्या कांठीं उभें राहिल्यावांचून मिळावयाचें नाहीं. पाण्यांतून पलीकडच्या कांठावर निघणारा मनुष्य पाण्याच्या दृष्टीनें वर येतो, पण नावेंतून कांठावर पाय ठेवणारा तोच मनुष्य नावेच्या दृष्टीनें खालीं येतो. कृति एक, पाहणाऱ्याच्या जागा दोन. प्राकृत 'उत्तरइ' ह्या रूपांत पार जाणें, बाहेर येणें व खालीं येणें हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. पुढें नाव विसरली, पाणी विसरलें, आणि जिना उतरणाऱ्या माणसाला आपण कोणे एके काळीं पोहणारे होतों ह्याची आठवण उरली नाहीं.

'उतारू' ह्या शब्दाला मात्र ती आठवण राहिली होती. उतारू म्हणजे ज्याला पलीकडच्या कांठीं उतरावयाचें आहे तो. माणसाला नांव मिळालें तें चढण्यावरून नव्हे, बसण्यावरून नव्हे, तर उतरण्यावरून. मुक्कामाला पोंचणें हा त्या नांवाचा गाभाच आहे. वाटसरू वाटेचा असतो, यात्रेकरू यात्रेचा असतो. उतारू हा एकटाच असा कीं, त्याच्या नांवांत प्रवासाचा शेवट आधींच लिहिलेला. 'मुंबईस कोणाकडे उतरलांत?' ह्या प्रश्नांत, आणि पाहुण्याच्या राहण्याच्या जागेला 'उतारा' म्हणण्यांतही हाच भाव आहे.

वसईचा प्रदेश ह्या शब्दाचें माहेर होतें असें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु माहेर शोभावें असा तो प्रदेश खरा. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र. राजोडीहून घटका-दोन घटकांच्या वाटेवर सोपारें आहे, तेंच पुराणांतील शूर्पारक तीर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या समुद्रवर्णनांत त्याचें नांव आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी ह्यांना १८८२ त तेथेंच सांपडला, आणि त्याच वर्षीं बुरूड राजाच्या कोटांतील स्तूप उकलला गेला. ज्या खाडीनें जहाजें सोपाऱ्याच्या अंगणांत येत ती गाळानें बुजली, व बंदराचें गांव जमिनीवरचें गांव होऊन बसलें. मात्र दोन्ही अंगांचें पाणी राहिलें. आणि उत्तरेकडील नदीचें नांव तरी काय, तर वैतरणा. मेलेल्या जीवाला यमलोकीं जातांना जी ओलांडावी लागते तिच्याच नांवाची ही बहीण. आपल्या लोकांनीं मरणसुद्धां एक खाडी मानली व मेलेल्यालाही उतारूच केलें.

आतां ह्या पाण्यावरच्या शब्दानें जमिनीवर पाऊल कसें ठेवलें तें पाहूं. मुंबईकर प्रथम आगबोट शिकले व मग आगगाडी. 'ह्यू लिंडसे' ही मुंबईंत बांधलेली आगबोट १८३० त सुएझकडे निघाली. आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. मधल्या तेवीस वर्षांत आगीवर चालणाऱ्या वाहनाची भाषा समुद्रावर तयार होऊन बसली होती. म्हणून बोटीच्या धर्तीवर गाडीचें नांव पडलें. पहिलें स्टेशनच मुळीं 'बंदर' ह्या नांवाचें. बोट धक्क्याला लागते तशी गाडी फलाटाला लागूं लागली. बोटीवरचा खलाशी रेल्वेंत शिरला, आणि समुद्राशीं कांहीं संबंध नसलेल्या कारखान्यांतील मजुरालाही रेल्वेनें खलाशीच म्हटलें. अशा भरल्या गलबतांतून 'उतारू' हाही शब्द जमिनीवर उतरला. मालाची गाडी वेगळी, उतारूंची वेगळी.

वसईच्या बाजूला ही गोष्ट घडावयास आणखी अकरा वर्षें लागलीं. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेनें गुजराथेंतून दक्षिणेकडे रूळ टाकीत आणून १८६४ त तिचा मार्ग मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोंचविला. वसईची खाडी व वैतरणा ह्यांवर पूल झाले. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत जाणारी-येणारी रोजची एक गाडी सुरू झाली. सकाळीं मुंबईस, संध्याकाळीं परत. आज ज्या लोकलच्या नांवानें माणसें धसका घेतात तिचें मूळ त्या एका गाडींत आहे. कालपर्यंत तरीची वाट पाहणारा माळी आपल्या केळ्यांच्या व पानांच्या टोपल्या घेऊन पुलावरून सुका पार होऊं लागला. आगाशीची सुकेळी मुंबईच्या बाजारांत अधिक दिसूं लागली असतील तीं ह्याच सोयीमुळें. नवल हें कीं, पायांखालचें पाणी गेलें तरी नांव बदललें नाहीं. पुलावरून जाणाऱ्यालाही लोक उतारूच म्हणत राहिले.

ह्याला एक साह्य गुजराथीचें झालें असावें. गुजराथींतही आगगाडीच्या व बोटीच्या माणसाला 'उतारु' म्हणतात, आणि तिकडे तो शब्द अद्यापि जिवंत आहे. ज्या रेल्वेच्या एका टोकाला अहमदाबाद व दुसऱ्या टोकाला मुंबई, तिच्या डब्यांत दोन्ही भाषांचीं माणसें एकाच नांवानें ओळखलीं गेलीं. भाषेच्या सीमेवरचे शब्द असे दोन्ही बाजूंस पाय ठेवून उभे असतात.

रेल्वेच्या उतारूला जुन्या तरीच्या उतारूहून एक गोष्ट मात्र नवीन मिळाली, ती म्हणजे वर्ग. तरींत श्रीमंत व गरीब एकाच फळीवर बसत. फार तर एखाद्या इनामदाराचा घोडा आधीं चढे. गाडींत पहिला, दुसरा, तिसरा असे डबे झाले, आणि वर्तमानपत्रांत 'उतारू' हा शब्द बहुधा 'तिसऱ्या वर्गाचे' हें विशेषण लावून व 'गाऱ्हाणीं' हा शब्द शेपटीला बांधूनच येऊं लागला. गांधीजींनीं १९१७ त ह्या वर्गाच्या हालांवर जो लेख लिहिला त्यांत मुंबईहून मद्रासेस केलेल्या प्रवासाचें वर्णन आहे. भाडें तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ माणसांची पाटी. तीं २२ देखील केवळ बसण्यापुरतीं, आडवें होण्याची सोय कोणालाच नाहीं. आणि रायचुरापुढें जी गर्दी झाली ती सोसेनाशी. ज्यांच्या भाड्यावर रेल्वेची मिळकत उभी, त्यांनाच सर्वांत कमी सोयी, हें त्यांचें म्हणणें होतें. तिसरा वर्ग नांवानें १९७४ त संपला. तो कशानें संपला हें वाचकांस ठाऊक आहे, पाटी बदलून.

समुद्रावर ह्या शब्दाची दुसरी बाजू उघडी पडत होती, आणि ती अधिक भयंकर आहे. आगगाडी फलाटाला लागते; कोंकणच्या पुष्कळ बंदरांत आगबोट लागतच नसे. ती खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारूंना पडावांतून, कधीं खलाशांच्या खांद्यावरून कांठ गांठावा लागे. उतरणें ही कृति तेथें शब्दशः जिवावरची होती. चढतांना मोजणारा कारकून असे. उतरतांना कोण मोजतो?

८ नोव्हेंबर १८८८ ची गोष्ट. कच्छमांडवीहून मुंबईस निघालेली एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तुफानांत सांपडली व नाहींशी झाली. वाचकांस तिचें नांव 'वीजळी' म्हणून ठाऊक असेल. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोकांनीं तें ठेवलें. तिचें कागदावरचें नांव 'वैतरणा' असें होतें. बोटीवरचें एकही माणूस वांचलें नाहीं. गुजराथींत तिच्यावर विलापगीतें झालीं. परंतु तिच्यावर नेमके किती उतारू होते ह्याविषयीं आजवर एकमत नाहीं. सातशेंहून अधिक इतकेंच म्हणण्याची पद्धत आहे.

'रामदास' बोटीचें स्मरण कोंकणांतल्या घराघरांत अजून ताजें आहे. १७ जुलै १९४७, दिवस गटारी अमावास्येचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी ही बोट सणासाठीं गांवीं निघालेल्या माणसांनीं भरली होती. काशाच्या खडकाजवळ ती लाटांच्या तडाख्यानें कलंडली, सगळे लोक एका अंगाला धांवले, आणि थोड्याच वेळांत ती बुडाली. सहाशेंहून अधिक लोक गेले. कांहीं जण पोहून कांठाला लागले तेव्हां मुंबईस ही वार्ता कळली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलें होतें, आणि त्या धामधुमींत रायगडच्या किनाऱ्यावर प्रेतें लागत होतीं. येथेंही संख्येचा तोच घोळ. निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे आंकडे. तिकिटावर चढलेले किती, तिकिटावांचून किती, कडेवरचीं मुलें धरलीं कीं नाहीं, हें जाणणारीं माणसेंच पाण्याखालीं गेलीं. ज्याच्या नांवांतच उतरणें आहे त्याला उतरतां आलें नाहीं म्हणजे त्याची गणतीही चुकते, ही गोष्ट ह्या दोन्ही प्रसंगीं सारखीच दिसली. आजोबा त्या वेळीं लहान होते. राजोडीचा त्या बोटीशीं कांहीं संबंध नव्हता. तरी त्यांनीं त्या दिवशीं होडींतले उतारू नजरेनें मोजले ते आम्हांला उगीचच वाटलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ह्या शब्दाला उतरती कळा लागली. त्याच्या जागीं आला तो 'प्रवासी'. हा शब्दही जुना, घरंदाज आणि निर्दोष. त्याच्याशीं आमचें वैर नाहीं. परंतु त्याची जातकुळी अगदीं निराळी आहे. 'प्र' आणि 'वस्' म्हणजे घर सोडून दूर राहणें. नवरा परदेशीं असलेल्या नायिकेला संस्कृत साहित्यकार प्रोषितभर्तृका म्हणतात. तो 'प्रोषित' ह्याच धातूचा. प्रवासांत चालण्यापेक्षां घरापासूनचा वियोग मुख्य. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ त द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले, बंडांत सांपडले, मोठ्या हालांतून घरीं परतले, आणि त्या हकीकतीचें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ त 'माझा प्रवास' ह्या नांवानें प्रसिद्ध केलें. तेथें तो शब्द अगदीं जागच्या जागीं बसला आहे. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडचा प्रवासही तसाच. पण नालासोपाऱ्याहून दादरला जाऊन संध्याकाळीं घरच्या भाकरीला परतणाऱ्या माणसाला प्रवासी म्हणणें म्हणजे त्याला रोज सकाळीं देशोधडीला लावणें होय.

आमचें हें म्हणणें कोणास शब्दच्छल वाटेल. त्यांनीं शेजारच्या भाषांकडे पाहावें. बंगालींत प्रवासी म्हणजे देशाबाहेर राहिलेला; रामानंद चट्टोपाध्यायांनीं १९०१ त अलाहाबादेहून बंगाली मासिक काढलें तेव्हां त्याला 'प्रवासी' हें नांव दिलें तें स्वतः बंगालबाहेर होते म्हणूनच. हिंदींतही तोच अर्थ. गाडींतल्या माणसाला ती यात्री म्हणते. २०२० च्या टाळेबंदींत ह्या भेदाचा पडताळा वसईकरांनीं डोळ्यांनीं पाहिला. मार्चअखेर लोकल बंद पडल्या. मेमध्यें उत्तरेकडे जाणाऱ्या श्रमिक गाड्या वसईरोडाहून सुटूं लागल्या, आणि डोक्यावर बोचकीं व कडेवर मुलें घेतलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. हिंदी बातम्या त्यांना प्रवासी म्हणत होत्या, कारण तीं घरापासून दूर होतीं. मराठी वाचकाला वाटे, कीं तीं प्रवास करीत आहेत म्हणून. दोघेही तीच अक्षरें वाचीत होते. आणि त्या माणसांना विचारलें असतें तर तीं काय म्हणालीं असतीं? त्यांना उतरावयाचें होतें.

'प्रवासी' कां जिंकला ह्याचें कारण आम्हांला असें दिसतें. राज्यकारभार मराठींत आला तेव्हां परिभाषा बनविणाऱ्या विद्वानांचा ओढा साहजिकच संस्कृताकडे होता. त्यांनीं मुशाफराला परभाषेचा म्हणून बाजूला केलें तें एक वेळ समजूं शकतें. उतारू तर बावनकशी देशी. भाषाशुद्धीच्या कोणत्याही कसोटीला तो उतरला असता. पण तो धक्क्यावरचा, तांडेलाच्या तोंडचा, थोडा मळका. कचेरीच्या कागदाला तो शोभेना. शिवाय एस्.टी. आली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर तिची पहिली गाडी धांवली, आणि पुढें महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत तिच्या पाट्यांनीं जो शब्द नेला तो प्रवासी हाच. ज्या गांवांनीं समुद्र कधीं पाहिला नव्हता त्यांना उतारू शब्दाची नड नव्हतीच. पाट्या पाहून भाषा शिकणारी पिढी मोठी झाली, आणि शब्दाचा निकाल लागला.

बोलीनें मात्र ह्या दोघांनाही बाजूला सारून आपली स्वतंत्र व्यवस्था केली आहे, आणि ती मोठी मौजेची आहे. 'पॅसेंजर' हा इंग्रजी शब्द मराठींत आला तो आधीं माणसाला नव्हे, गाडीला लागला. जी प्रत्येक स्टेशनाला थांबते ती पॅसेंजर. टांगेवाला व टॅक्सीवाला गिऱ्हाइकाला 'भाडें' म्हणतात. 'भाडें आलें', 'भाडें सोडून येतों'. नालासोपाऱ्याच्या रिक्षांच्या तळावर तर माणसाची 'सीट' झाली आहे. आम्ही राजोडीला जावयास तेथें उभे होतों तेव्हां रिक्षावाला आमच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "एक सीट मिळाली, दोन पाहिजेत." भाजीच्या टोपलीसह मालडब्यांतून जाणारी वसईची बाई तर माणूस व माल ह्यांच्या मधोमध कोठें तरी धरली जाते. होडींत बसणारा जिवंत उतारू रस्त्यावर आला आणि बसावयाची जागा झाला.

पण थट्टा पुरे. ह्या शब्दांवर कुटुंबांचें पोट अवलंबून आहे, ही गोष्ट आम्हांला कायद्याचें पुस्तक उघडल्यावर कळली. १९८९ च्या रेल्वे कायद्यांत प्रवाशाची व्याख्या अशी आहे कीं, चालू पास किंवा तिकीट घेऊन जो प्रवास करतो तो. १९९४ त ह्या कायद्यांत एक कलम घातलें गेलें. गाडींतून अपघातानें पडलेल्या प्रवाशाला, रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावयाची. मरणाची ही भरपाई आरंभीं दोन लाख होती, पुढें चार लाख, आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली. विरारच्या गाडीच्या दारांत लोंबकळणाऱ्यांच्या घरीं ह्या कलमाचें महत्त्व काय तें निराळें सांगावयास नको. आतां प्रश्न पाहा. जो चढत असतां पडला, त्याचा एक पाय गाडींत व एक फलाटावर, तो प्रवासी झाला होता कीं व्हावयाचा होता? आणि ज्याच्या प्रेताच्या खिशांत तिकीट सांपडलें नाहीं, तो प्रवासी होता कीं नव्हता?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें २००८ त दिलें. खटला केरळांतील होता. एक बाई गाडींत चढतांना खालीं पडून गेली होती. चढतांना पडणें हेंही गाडींतून पडणेंच होय, कल्याणकारी कायद्याचा अर्थ संकुचित करूं नये, असा निर्णय झाला. दुसऱ्याचें उत्तर २०१८ त मिळालें. केवळ तिकीट सांपडलें नाहीं एवढ्यानें दावा फेंटाळतां येणार नाहीं; मागणारानें प्रतिज्ञालेखानें प्रथम आपली बाजू मांडावी, मग तो खरा प्रवासी नव्हता हें दाखविण्याचा भार रेल्वेवर. मात्र रुळांवर प्रेत मिळालें एवढ्यावरूनही तो प्रवासी होता असें धरतां यावयाचें नाहीं, असेंही तेथेंच म्हटलें आहे. खिसे कापले जातात, कागद रक्तांत भिजतात, तिकिटें उडून जातात. मागें राहिलेल्या बायकोला नवरा कोण होता हें सिद्ध करीत न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. 'रामदास' बोटीवर जो घोळ झाला तोच हा, निराळ्या कागदावर. कोणाला उतारू म्हणावें ह्याचा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो कोशकारांच्या हातींही नाहीं.

पाण्याची वाट अगदींच मोडली असें मात्र नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत वसई आणि भाईंदर ह्यांच्यामधें मोटारीसुद्धां घेऊन जाणारी मोठी तर सुरू झाली. दीडशें वर्षांपूर्वीं पुलानें जी खाडी पुसून टाकली होती ती लोक पुन्हां ओलांडूं लागले आहेत. दोन्ही पुलांच्या मधल्या पाणजू बेटावरच्या लोकांची होडी तर कधीं सुटलीच नव्हती. त्यांच्या डोक्यावरून गाड्या जात राहिल्या.

अर्नाळ्याची ती होडी आली, तेव्हां लाट ओसरण्याची वाट पाहून तांडेलानें तिला वाळूवर टेकविली. एक म्हातारी, दोन शाळेचीं मुलें, मासळीची पाटी घेतलेल्या तिघी बायका व एक शिलाईचें यंत्र, इतकीं माणसें आणि वस्तु खालीं आल्या. म्हातारीला मुलांनीं दोन्ही बाजूंनीं हात दिला. लुगडें घोट्यापर्यंत भिजलें. नातू सर्व पाहत होता, तो आजोबांना म्हणाला, "आठ उतारू." "सहा," आजोबा म्हणाले. "तांडेल आणि त्याचा पोरगा उतारू नव्हेत. ते परत जाणार."

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही परत निघालों. त्या वेळीं नालासोपाऱ्यास मुंबईकडच्या गाडींत पाय ठेवणें आमच्या वयाच्या माणसाला शक्य नाहीं, म्हणून नातवानें आम्हांला उलट्या दिशेच्या गाडींत बसविलें. ही तेथील रोजची युक्ति आहे. विरारपर्यंत मागें जावयाचें, तेथें उतरावयाचें नाहीं, आणि तीच गाडी मुंबईस फिरली म्हणजे बसल्या जागीं बसून यावयाचें. तिकीट दोन्ही अंगांचें काढलें होतें. विरारला आम्ही न उतरतां बसून राहिलों. गाडी भरली, नालासोपाऱ्याला आणखी भरली, वसईला दार दिसेनासें झालें. खाडीच्या पुलावर वारा लागला तेव्हां एक तरुण माणूस गर्दींतून वाट काढीत आमच्यापर्यंत आला व त्यानें वांकून विचारलें, "काका, कुठें उतरणार?"

आम्ही दादर म्हणून सांगितलें. तो आमच्या गुडघ्याशीं येऊन उभा राहिला.